तीन कडांचं छत

मेव्हणी दुकानाच्या दारात उभी राहिली तेव्हा मी एका ट्रकच्या रेडिएटरला डाख देत होतो. अंगावर नर्सचे कपडे होते आणि खांद्यावरची पिशवी तिने काढली नाही. एरवी आत आल्या आल्या ती पिशवी फेकायची आणि पंख्याखालची खुर्ची पकडायची.

"भाऊजी, हातातलं खाली ठेवा," ती म्हणाली.

मी ठेवलं. ज्योत बंद केली. सकाळी हिला, म्हणजे माझ्या बायकोला, चक्कर आली म्हणून मेव्हणीच तिला आपल्या दवाखान्यात घेऊन गेली होती. जाताना ही म्हणाली होती, "आलेच मी. मशीनवरचं काही हलवू नका."

शिलाई मशीनवर कॅनव्हासचं छत होतं. जीपशेजारी चार काठ्यांवर ताणून खाली बसता येईल, एवढं. तीन कडा दुमडून वर दुहेरी शिवण मारलेली. चौथी कड सुईखाली तशीच. ही परत आलीच नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी मशीनवरचं काही हलवलं नाही.

ते छत ज्या प्रवासासाठी शिवलं जात होतं, त्याची ही हकिकत.

पोटामागे आम्ही या अरबी मुलखात आलो त्याला निम्मं आयुष्य झालं. मी रेडिएटर दुरुस्त करायचो, ही त्याच दुकानात सीटची कव्हरं आणि ताडपत्र्या शिवायची. इतकी वर्षं वाळवंटात राहून आम्ही वाळवंट काय पाहिलं, तर रेडिएटरच्या जाळीत अडकलेली वाळू. ही म्हणायची, "जन्मभर गाड्यांचा ताप उतरवलात. आता त्यांना तो चढतो कुठे, तेवढं बघून येऊ."

मशीनमागच्या भिंतीवर तिने नकाशा लावला होता. टाचण्या रोवून लाल दोरा ओढला होता. आमच्या गावातून निघायचं, शेजारचा देश आडवा ओलांडायचा, आणि त्याच्या पलीकडच्या तिसऱ्या देशात, वाळूच्या टेकड्या थेट समुद्रात उतरतात तिथे, दोरा संपायचा. तिथे छत ताणायचं आणि खाली बसून चहा प्यायचा. बेत एवढाच. हमरस्ता तिने मुद्दाम टाळला होता. "तिथे ट्रकच दिसणार. ते काय दुकानात दिसत नाहीत?" नियमही एकच ठरवला होता. पिण्याचं पाणी निम्म्यावर आलं की गाडी मागे फिरवायची, मग समोर समुद्र दिसत का असेना.

थंडी सरत आली तेव्हा मेव्हणीच म्हणाली, "ताईचा दोरा भिंतीवर किती दिवस लटकत ठेवायचा? आपण तिघं जाऊ. छत तिथे एकदा ताणून येऊ."

मला कुठे जाण्याची ताकद नव्हती. पण नाही म्हणायलाही ताकद लागते.

तिघांतला तिसरा तिचा नवरा, माझा साडू. एका गोदामात स्टोअरकीपर. माणूस लाखमोलाचा, पण वस्तू जागच्या जागी नसली तर त्याला अन्न गोड लागत नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याने परवाने, विमा, गाडीचे कागद मांडले आणि बोट ठेवून सांगू लागला.

"आधी विमा, मग शिक्का. उलटं केलं की पुन्हा रांगेच्या शेपटाला. आणि तिसऱ्या देशाचा तो छोटा नाका शुक्रवारी बंद. म्हणून आपण शनिवारी पोचायचं."

"रविवारी पोचलो तर?" मी विचारलं.

"रविवारी का पोचायचं? शनिवार ठरलाय ना!"

"ऐका," मेव्हणी म्हणाली. "घरात मीठ संपलं तरी मला यांच्याकडे अर्ज करावा लागतो."

चौथी कड मी शिवून घेतली नाही. मेव्हणी म्हणाली होती, मी घालते टाके. मी म्हटलं, राहू दे. छत तसंच गुंडाळून जीपच्या टपावर बांधलं.

पाण्याचे कॅन दुकानातलेच घेतले, सगळे एकसारखे निळे. काहींत पिण्याचं पाणी, काहींत रेडिएटरसाठी कूलंट मिसळलेलं. पिण्याच्या कॅनच्या मुठीला ही कॅनव्हासची एक पट्टी बांधून ठेवायची. पट्टी असेल तो माणसांचा, नसेल तो गाडीचा. आमच्या दुकानात हे कुणाला सांगावं लागत नसे. मी पट्ट्या तपासल्या आणि आम्ही निघालो.

पहिल्या हद्दीवर अधिकाऱ्याने विचारलं, तुम्हा तिघांचं नातं काय? मेव्हणी हे नातं त्याला कळलं, तिचा नवरा हेही कळलं. पण साडू या नात्याला त्याच्या भाषेत शब्दच सापडेना. शेवटी साडूने स्वतःकडे बोट दाखवलं, माझ्याकडे दाखवलं आणि दोन्ही हात जोडून आकाशाकडे पाहिलं. अधिकारी हसला आणि त्याने शिक्का मारला.

"काय सांगितलंत त्याला?" मेव्हणीने विचारलं.

"हेच, की दोघंही एकाच घरच्या मुलींच्या तावडीत सापडलो."

बऱ्याच दिवसांनी मला हसू आलं. आलं तसं गेलंही.

दुसऱ्या देशात पहिला मुक्काम ठीक झाला. सकाळी शेवटच्या पंपावर मी तेल भरून घेत होतो, तेवढ्यात साडूने मागचा भाग उघडून आवराआवर केली. तिथून डांबर संपलं. पुढे खडीचा जुना रस्ता, मग नुसत्या चाकोऱ्या, आणि मग पिवळसर, तांबूस, कुठे राखेसारखी वाळू, जिकडे पाहावं तिकडे, जणू कुणी धुतलेली चादर झटकली आणि ती पडली तशीच राहिली. मेव्हणी खिडकीला नाक लावून बसली होती. मी गाडी हाकत होतो आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघायचं टाळत होतो. तिथे कुणी बसायचं नाही, हे न बोलताच ठरलं होतं.

दुपार कलली आणि समोरचं आकाश तपकिरी झालं.

"ढग?" साडूने विचारलं.

ढग नव्हता. वाळू होती!

काचा वर केल्या. वारा गाडीवर आपटला. समोरचं बॉनेटही दिसेना. गाडी उभी करावी तर मागून कुणी येऊन आदळेल, या भीतीने मी ती चाकोरीच्या बाजूला घेतली. तीच चूक! पुढचं चाक खचलं. मी रेस दिली. मागची दोन्ही खचली. इंजिन बंद केलं आणि नाकातोंडाला रुमाल बांधून आम्ही बसून राहिलो. पत्र्यावर वाळू तडतडत होती. 

वारा पडला तेव्हा जीप दारापर्यंत रुतलेली होती. आम्ही फावडं काढलं. मी उपसायला लागलो, साडू हातांनी उपसू लागला. मेव्हणीने मागचा एक कॅन उघडून प्यालाभर पाणी ओतलं, घोट घेतला आणि लगेच थुंकला.

"भाऊजी, पाणी गोड लागतंय."

मी फावडं टाकून तिच्याकडे धावलो. कूलंट गोड असतं. आणि विषारी असतं!

"गिळलंस का?"

"नाही. नर्स आहे मी, गोड पाणी गिळेन होय?"

मी एकेक कॅन उघडला. जिभेच्या टोकाला लावायचं आणि थुंकायचं. गोड. गोड. हाही गोड. एकाच्याही मुठीला पट्टी नव्हती.

"पट्ट्या कुठायत?" मी ओरडलो.

साडू वाळूत गुडघ्यावर होता. त्याने टपाकडे पाहिलं. छताची गुंडाळी त्या पट्ट्यांनीच आवळून बांधली होती. "दोरी सैल झाली होती," तो म्हणाला. "कॅनवर उगाच लोंबत होत्या. आणि सगळे कॅन अर्धे अर्धे होते, म्हणून यातलं त्यात ओतून... पंपावरच्या नळावर सगळे काठोकाठ भरून घेतले. गोदामात आम्ही अर्धे डबे ठेवत नाही हो."

मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याचा चेहरा असा झाला होता की रागाला जागाच उरली नाही. पट्टीचा अर्थ त्याला कुणी सांगितलाच नव्हता. सांगणारी एकटीच होती.

"एक आहे," मेव्हणी म्हणाली. तिने गाडीत वाकून आपल्या सीटखालचा कॅन ओढून काढला. वाटेत हाताशी असावा म्हणून तो तिने कालच जवळ ठेवून घेतला होता. मुठीला पट्टी होती. सकाळपासून आम्ही त्यातूनच पीत होतो, म्हणूनच तिने आता मागचा उघडला होता. हलवून पाहिला. निम्म्याहून खाली.

आता आधी बाहेर पडायचं होतं.

टायरमधली हवा सोडली. चाकांपुढे उतार खणला. रेस दिली. चाकं जागच्या जागी गरगरली, वाळूचा फवारा उडाला, गाडी आणखी बसली. पायाखालच्या रबरी चटया घातल्या. चाकांनी त्या गिळून मागे फेकल्या. सीटची कव्हरं काढून घातली, हिनेच शिवलेली. त्यांच्या चिंध्या झाल्या.

साडूने एकदा टपाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"नाही," मी म्हटलं.

"मी काही बोललो का?"

"बोलूही नका."

मी पुन्हा फावडं घेतलं. हात चालेनात. ऊन उतरत होतं आणि ओठांना भेगा पडल्या होत्या. मेव्हणी माझ्यासमोर येऊन वाळूत बसली. तिचा चेहरा हिच्यासारखा नाही, पण रागावली की भुवया तशाच होतात.

"भाऊजी, ताई इथे असती तर तिने केव्हाच ते खाली ओढलं असतं. वर म्हणाली असती, कापड माणसांसाठी की माणसं कापडासाठी?"

"ते तिच्या हातचं शेवटचं आहे गं."

"ठाऊक आहे मला. माझीही ती बहीणच होती."

मी टपावर चढलो. पट्ट्या सोडल्या. छत खाली टाकलं आणि चाकांपुढे पसरलं. शिवलेली कड चाकांच्या बाजूला, न शिवलेली कड पुढे.

"ढकला!"

रेस दिली. चाकांनी कॅनव्हास पकडला! जीप हलली. हातभर गेली, थांबली. साडूने मागून छत खेचून काढलं, पळत पुढे आणून पुन्हा पसरलं. "चला!" तो ओरडला. पुन्हा हातभर. पुन्हा खेचा, पुन्हा पसरा! मेव्हणी पडली, उठली, पुन्हा ढकलू लागली. कापड फाटल्याचा आवाज मला इंजिनाच्या वर ऐकू आला. मी पाय काढला नाही. "थांबू नका, भाऊजी! थांबू नका!" आणि एकाएकी चाकांखाली टणक जमीन लागली. जीप उसळून चाकोरीवर आली!

मी उतरलो आणि चाकाला टेकून बसलो. तिघांनी एकेक घोट घेतला.

साडू समोरच्या टेकडीवर चढून आला. "वाऱ्याला खारट वास येतोय," तो म्हणाला. "पुढे मिठागरासारखं पांढरं पठार आहे. त्याच्या पलीकडे नाका असणार. उद्या शनिवार. भाऊ, माझ्यामुळे तुमचं हे व्हायला नको. मी पाणी पिणार नाही, तुम्ही दोघं प्या, पण जाऊ या."

मीही वर गेलो. वास खरोखर येत होता. हिने भिंतीवर टाचणी रोवली होती ती जागा त्या वासाच्या दिशेला होती. मागे पंप ओळखीचा, वाट माहीत. पुढचं पठार पायाखालचं नव्हतं. मग खाली आलो आणि कॅन हलवून पाहिला.

"नियम काय आहे?" मी विचारलं.

मी स्टिअरिंग फिरवलं.

परतीच्या वाटेवर रेडिएटर तापू लागला. वाळूने जाळी बुजली होती. दर थोड्या वेळाने थांबून जाळी झटकायची आणि गोड पाणी ओतायचं. ते सगळं पाणी त्यालाच लागलं.

"बघा," मेव्हणी म्हणाली, "गाडीला गोडधोड, आणि आपल्याला घोट मोजून!"

साडू हसला नाही. पण थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे मी गाडीची सोय केली, असं म्हणायला हरकत नाही." तेव्हा आम्ही तिघंही हसलो. रात्री उशिरा पंपाचे दिवे दिसले.

आता छत दुकानात मशीनवर आहे. मधोमध फाटलंय, चाकांचे काळे पट्टे उमटलेत. शिवलेल्या तिन्ही कडांचा एक टाकाही सुटलेला नाही. साडू दर सुट्टीला येतो आणि कॅनच्या पट्ट्या तपासतो. मेव्हणी पिशवी फेकून पंख्याखाली बसते.

फाटलेल्या जागी मी ठिगळ लावलं. मला शिवता येत नाही, ते दिसतंच. दोरा अजून भिंतीवर आहे. चौथी कड शिवायची राहिली आहे, आणि तिसरा देश.