उसन्या हेडर फाइली

“अरे मेल्या, दिसत नाही का तुला? समोर तर ठेवलीय फाइल!”

“मला म्हणालात?”

मी दचकून वळले. दारात एक उंच मुलगा उभा... हातात उघडं सर्किट, कानावर पेन्सिल.

“कंपायलरला म्हणाले. तुम्हालाही लागू पडत असेल तर घ्या वाटून.”

तो हसला. खालच्या मजल्यावरून बारीक स्क्रूड्रायव्हर मागायला आला होता. तो मिळाला, तरी गेला नाही. खुर्ची ओढून बसला. त्याच्या बोटांना सर्किटच्या तारा जोडायच्या सोल्डरचा वास यायचा, म्हणून सगळे त्याला सोल्डरवाला म्हणत.

आमची कंपनी तान्ह्या बाळांचे वजनकाटे बनवते. काट्यातली चिप एवढीशी, म्हणून तिचा प्रोग्राम मोठ्या मशीनवर तयार करावा लागतो. ते काम क्रॉस कंपायलरचं, आणि तो बांधायचं काम माझं. मी कंत्राटी होते. “काटा चालू झाला की तुला कायम करतो,” असं साहेब म्हणाले होते, आणि मी वेडीने ते आईला सांगूनही टाकलं होतं.

आणि कंपायलर रोज एकाच जागी अडून बसायचा — हेडर फाइल सापडत नाही! हेडर फाइल म्हणजे त्या चिपवर कोणती गोष्ट किती मापाची, ते सांगणारी फाइल. ती असते चिपच्या लायब्ररीत. लायब्ररी बनवायला कंपायलर हवा, आणि कंपायलर पुरा व्हायला लायब्ररी हवी. डोक्याला नुसता ताप.

सोल्डरवाला रोज वर यायला लागला.

“आज काय म्हणतोय तुझा लाडका?” अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही.

“सापडत नाही म्हणतोय.”

“काही जणांना समोर बसलेला माणूससुद्धा सापडत नाही...”

मी स्क्रीनकडेच बघत राहिले. कान मात्र चांगलेच तापले होते.

डॉक्टरांना काटा दाखवायचा डेमो होता, त्याच्या आदल्या दुपारी मला रडूच फुटलं. “जा, तोंड धुऊन ये,” तो म्हणाला. “मी बसतो इथे.” परत आले, तर स्क्रीनवर एकही एरर नाही!

“झालं?”

“झालं. एक रस्ता दाखवायचा राहिला होता त्याला.”

मी त्याचा हातच धरला. बोटावर भाजल्याचा जुना डाग होता, त्यावरून अंगठा फिरवत बसले. कुठला रस्ता, हे विचारायचं सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पाहुण्या डॉक्टरांसमोर काट्यावर दोन किलोची साखरेची पिशवी ठेवली. काट्याने वजन दाखवलं — उणे एकोणचाळीस किलो.

“अहो, हे बाळ हवेत उडायचं की!” डॉक्टर हसले. साहेब नाही हसले.

कंपायलर फाइली कुठे शोधतो, ते रस्ते मी घाईघाईने उघडून बघितले. चिपच्या हेडर फाइलींच्या जागी माझ्या मोठ्या मशीनच्याच फाइली जोडलेल्या. नावं तीच, मापं भलतीच. बापाचा सदरा तान्ह्या पोराला घातलेला. हे मी केलं नव्हतं, आणि माझ्या खुर्चीत दुसरं कोण बसलं होतं ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

“हे कोणी जोडलं?” साहेबांनी विचारलं.

मी बाजूला उभ्या सोल्डरवाल्याकडे बघितलं. तो हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत होता. बोल ना रे... एक शब्द बोल, सगळं माफ करते!

“मशीन माझं आहे, सर,” शेवटी मीच म्हणाले.

कायम होणं राहिलं बाजूलाच. महिनाअखेर संपणारं कंत्राटही साहेबांनी वाढवलं नाही. आईला फोनवर सांगितलं, तर ती नुसतं “बरं” म्हणाली. त्या “बरं”ने मला दोन रात्री झोप लागली नाही.

त्याने मला जिन्यात गाठलं.

“तुझ्या डोळ्यांत पाणी बघवलं नाही गं. वाटलं, डेमोपुरतं चालून जाईल... माझं प्रेम आहे तुझ्यावर.”

किती वाट बघितली होती मी या वाक्याची! आणि आलं ते असं.

“डोळ्यांतलं पाणी बघवलं नाही,” मी म्हणाले, “आणि सगळ्यांसमोर माझी नोकरी जाताना बघवली?”

“घाबरलो होतो मी.”

“आणि मी? मी नव्हते घाबरले?”

त्याने हात पुढे केला. सोल्डरचा वास आला. तो हात धरावासा वाटला, फार वाटला. मी तशीच वर निघून गेले.

उरलेल्या दिवसांत मी उसन्या फाइली काढून टाकल्या. लगेच जुनी एरर हजर — हेडर फाइल सापडत नाही. निदान खोटं तरी बोलत नव्हता कंपायलर बिचारा! मग आधी लायब्ररीशिवाय अर्धाच कंपायलर बांधला, त्याच्याकडून चिपची स्वतःची लायब्ररी बनवून घेतली, आणि तिच्या जोरावर पुरा कंपायलर. शेवटच्या दुपारी साखरेचं वजन बरोब्बर दोन किलो भरलं.

“स्क्रूड्रायव्हर द्यायला आलो होतो.” तो दारात उभा होता, पहिल्या दिवशीसारखाच. “चालला की काटा!”

“चालला. साहेब येतीलच बघायला. त्यांना सांगतोस, त्या फाइली कोणी जोडल्या होत्या ते?”

जिन्यावर साहेबांची पावलं वाजली. ते आत आले, काट्याकडे बघून “वा!” म्हणाले.

मी त्याच्याकडे बघत थांबले. तो स्क्रूड्रायव्हरकडे बघत राहिला.

मी बॅग खांद्याला लावली आणि डोळे पुसत जिना उतरले.