जनरल पेकम यांचं उरलेलं टपाल

जनरल लायसँडर पेकम वारले त्याला मार्चमध्ये वर्ष झालं, आणि १८९४च्या एप्रिलात त्यांच्या मुलीनं, थिओडोशियानं, त्यांची कागदपत्रं लावायला घेतली. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, त्यांच्या गावात जनरलसाहेबांचा पुतळा उभा राहणार होता, चरित्र छापायचं होतं. त्यासाठी राजधानीहून क्रॅबट्री नावाचे गृहस्थ आले होते. जेवणघरातल्या लांब टेबलाच्या एका टोकाला ते यादी करत बसत, दुसऱ्या टोकाला थिओडोशिया.

ती अठ्ठावीस वर्षांची, अविवाहित, मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी. जे ताडून बघता येत नाही त्यावर तिचा विश्वास नसे.

दोन दिवस सगळं सुरळीत होतं. पलटणीच्या हजेऱ्या, मतदारांचे अर्ज, वॉशिंग्टनच्या सभागृहातली भाषणं. तिसऱ्या दिवशी आईच्या कपाटात, पांघरुणांच्या तळाशी, फितीनं बांधलेला एक जाड गठ्ठा सापडला. बाबांनी यादवी युद्धाच्या आघाडीवरून आईला लिहिलेली पत्रं.

क्रॅबट्रींचा चेहरा उजळला. पण चारदोन पत्रं उलगडल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

“मिस पेकम, जनरलसाहेब जखमी होऊन घरी कधी आले?”

“फेब्रुवारी त्रेसष्ट. टॅलो नदी पायी ओलांडतात त्या उतारावर गोळी लागली, ती डिसेंबरात. गावातलं शेंबडं पोरही सांगेल.”

“मग हे पत्र जून चौसष्टचं कसं? छावणीतून आलेलं?”

“तारीख चुकली असेल.”

“आणि हे एकाहत्तरचं? त्या दिवशी त्यांनी वॉशिंग्टनला केलेलं भाषण माझ्यासमोर पडलंय.”

थिओडोशियानं पत्रं तारीखवार लावली. शेवटचं गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतलं होतं. प्रत्येक पाकिटावर तेच गुलाबी, तीन सेंटांचं तिकीट, जे तिच्या जन्माआधीच्या लढाईत चालायचं आणि आता कुठल्याही पोस्टात मिळालं नसतं. मजकूरही जवळजवळ तोच. अजून नदीच्या या काठाला आहोत. पूल झालेला नाही. तुझं पत्र नाही.

तिनं भिंग घेतलं. लग्नाआधीच्या पत्रातली सही आणि या पत्रांतली सही एकाच हातची होती. भाषणांखालची सही हुबेहूब तशीच होती, फक्त शेवटचा फराटा उलट्या बाजूला वळत होता.

आई मागच्या ओसरीवर मुरंब्यासाठी रूबार्बचे आंबट देठ सोलत बसली होती. थिओडोशियानं गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. अल्मायराबाईंनी एकदा त्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुरी चालवायला लागल्या.

“वाचलीस वाटतं.”

“आई, ही कोणी लिहिली?”

“तुझ्या वडलांनी. म्हणजे, माझ्या नवऱ्यानं.”

“दोन्ही एकच ना?”

आई हसली. “गेला तेव्हा त्याला दुधाचा वास सहन होत नसे. आला तो तांब्याभर दूध उभ्याउभ्या प्यायला. सगळ्याच बायकांचे नवरे बदलून आले गं. शेजारच्या हॅनाचा एक पाय ठेवून आला. माझा दूध पीत आला. मी तक्रार कुणाकडे करू?”

“मस्करी नको, आई.”

“मस्करी नाहीच.” तिनं कानावरचे केस मागे सारले. तिथं एक जुना, पांढरा व्रण होता. “घोड्यावरून पडले म्हणून मी सांगायचे ना तुला? जो गेला त्यानं हा दिला, चुलीजवळच्या सळईनं. जो आला त्यानं तीस वर्षांत आवाजसुद्धा चढवला नाही. त्याला किल्ली कुठं असते ते ठाऊक होतं, माझ्या आईचं नाव ठाऊक होतं. मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. मग पहिलं पत्र आलं. आम्ही दोघांनी ते याच ओसरीवर बसून वाचलं.”

“आणि?”

“तो खूप रडला. म्हणाला, उत्तर देऊ नकोस.”

“जाळली का नाहीत?”

“हिंमत झाली नाही.”

थिओडोशियाला कितीतरी विचारायचं होतं. तिला पाढे शिकवणारा, तापात रात्रंदिवस उशाशी बसणारा माणूस कोण होता, हे विचारायचं होतं. तिनं रूबार्बचं पातेलं उचलून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या टपालात ते आलं. गुलाबी तिकीट. पाकीट दमट होतं.

‘अल्मायरा,

माझ्या जागी तिकडे ठेवलेला तो गेल्या वर्षी मार्चमध्ये इथं पोचला. त्याला आता उतारावर पहाऱ्याला उभा केलाय. मी मोकळा झालो. मुलगी आहे म्हणे. तिला बघायचंय.

निघालो.’

क्रॅबट्रींनी पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं. यादीत त्यांनी तो गठ्ठा लिहिलाच नाही.

“तुमचे कुणी नातेवाईक दूर राहतात का?” एवढंच त्यांनी विचारलं.

मावशी शिकागोला होती. थिओडोशियाला हे सगळं मूर्खपणाचं वाटत होतं, आणि तरी ती पेट्या भरत होती. दोन वेळा तिनं भरलेली पेटी उपसली, दोन वेळा भरली. आई दारं-खिडक्या बघत या खोलीतून त्या खोलीत फिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या गाडीनं दोघी जंक्शनवर उतरल्या. शिकागोची गाडी समोरच उभी होती. लख्ख ऊन, फलाटावर माणसं, शेंगदाण्याचा वास. थिओडोशियाला हायसं वाटलं.

हमालानं पेट्या उचलल्या, त्यांच्यावरचं नाव वाचलं.

“पेकम? या, या. तिसरा डबा. काळजी नको बाईसाहेब, तुमचा मुलगा केव्हाचा जागा धरून बसलाय.”

“मला मुलगा नाही,” आई म्हणाली.

“तिशीचा आहे बघा. दाढीवाला. पेकमच म्हणाला. आई आणि बहीण येतायत असं मीच धरून चाललो.” हमाल ओशाळला. “तो फक्त म्हणाला, दोघी येतील.”

थिओडोशियानं आईचा दंड पकडला. “घरी चल.”

“घर त्याला माहीत आहे.”

“मग मी येते आत.”

“नाही.” आईनं तिची बोटं एकेक करून सोडवली. “त्यानं तुला अजून पाहिलेलं नाही. तू त्या खांबामागे जा. गाडी सुटेपर्यंत पुढे यायचं नाही. माझी शपथ आहे.”

तिनं टोपीची नाडी नीट बांधली आणि पायऱ्या चढून आत गेली.

शिट्टी झाली.

थिओडोशिया धावली. तिसरा डबा तिच्यासमोरून हळूहळू सरकला. समोरचं बाक तिला दिसलं नाही; खिडकीत फक्त आई दिसली. हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून, ती ऐकत होती.