डावा कान, जुनं नुकसान

ज्यांना खोटं वाटायचंय त्यांनी इथंच थांबावं. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही.

हे माझ्या चुलत बहिणीसोबत घडलंय. आम्ही तिला ताई म्हणतो. निम्मं तिनं स्वतः सांगितलं, निम्मं मी डोळ्यांनी बघितलं.

रात्र नव्हती. सोमवारची टळटळीत दुपार, दोन वाजून चाळीस मिनिटं. युनिव्हर्सिटीच्या म्युझियमचं तळघर. सोमवारी म्युझियम लोकांना बंद, म्हणून विद्यार्थ्यांचं प्रॅक्टिकल त्याच दिवशी.

ताईचं शेवटचं वर्ष. वर्गात अकरा जण आणि म्युझियममध्ये नोकरीची जागा एक. ज्याचं प्रॅक्टिकल निर्दोष, त्यालाच ती मिळणार, असं विभागप्रमुख बाईंनी तोंडावर सांगितलं होतं.

काम साधं. एकेक वस्तू उचलायची, न्याहाळायची आणि तिच्या कंडिशन रिपोर्टवर यंदाच्या रकान्यात लिहायचं... कुठं तडा, कुठं टवका. तेही पेन्सिलनं. जुन्या वस्तूजवळ शाईचं पेन न्यायचंच नसतं.

ताईच्या वाट्याला एक चेहरा आला. प्लॅस्टरचा.

शंभर वर्षांपूर्वी काही विद्वान लोक माणसांची मापं घेत हिंडायचे. गरीब माणूस धरायचा, आडवा पाडायचा, श्वासापुरत्या नाकात दोन नळ्या खुपसायच्या आणि जित्या तोंडावर ओलं प्लॅस्टर ओतायचं. याला म्हणे अभ्यास! या चेहऱ्याच्या बाईचं नावसुद्धा विचारलं नाही हरामखोरांनी. कार्डावर एवढंच : ‘स्त्री, वय अंदाजे वीस.’

नियम असा, की दोन्ही हातांनी, खालच्या ट्रेसकट उचलायचं. ताईनं घाईत एका हातानं कानाशी धरलं.

टक्...

चेहरा ट्रेमध्येच राहिला. डावा कान तिच्या बोटांत.

बाकीचे दहा जण दुसऱ्या खोल्यांत. आसपास कुणी नव्हतं. गेल्या वर्षीच्या रकान्यात भांडार सांभाळणाऱ्या काकांचं वळणदार अक्षर होतं : ‘दोन्ही कान शाबूत.’

पेन्सिलच ती. ताईनं खोडरबर काढलं. काकांच्या अक्षराची नक्कल करत त्यांच्याच रकान्यात लिहिलं : ‘डावा कान नाही. जुनं नुकसान.’ मग आपल्या रकान्यात तेच. कान पर्समध्ये टाकला.

रबराचा भुगा फुंकला...

आणि खोलीत दुसरंही कुणीतरी फुंकलं.

बारीक नळीतून श्वास यावा तसं. शूं... शूं...

तिनं वळून बघितलं. कुणी नाही.

चार दिवसांनी बाईंनी काकांना समोर उभं केलं.

“तीस वर्षं काम केलंत आणि वस्तू फोडून गप्प बसलात?”

“बाई, माझ्या हातून कपबशी फुटली नाही कधी. हे मी लिहिलेलंच नाही.” काका ताईकडे वळले. “पोरी, मागच्याच महिन्यात तुला दाखवला होता ना मी हा चेहरा? दोन्ही कान होते. सांग की बाईंना.”

काका तिच्या डाव्या बाजूलाच उभे होते. हातभर अंतरावर.

ताई बाईंकडे बघत म्हणाली, “काय म्हणाले? मला ऐकू नाही आलं.”

काकांना त्याच दिवशी घरी बसवलं. ताईला नोकरी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला फोन केला. मी बोलत होतो आणि ती “हॅलो, हॅलो” करत होती. मग तिनं फोन उजव्या कानाला लावला.

डाव्या कानात काहीच येत नव्हतं.

फक्त... शूं... शूं...

मीच तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कान बघितला, मशीनवर तपासला.

“हे नुकसान जुनं आहे.”

“अहो, परवापर्यंत ऐकू येत होतं मला!”

“शक्य नाही. लहानपणापासूनचं आहे.”

घरी काकूला, म्हणजे ताईच्या आईला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, “आज काय नवीन? तो कान लहानपणापासून तसाच आहे तिचा. शाळेत पहिल्या बाकावर बसवायचो आम्ही.”

साफ खोटं! लहानपणी मी त्याच कानात गुपितं सांगायचो. ती खुदकन हसायची. पण घरात कुणालाच ते आठवेना. फक्त मला.

या सगळ्याला वर्ष होत आलं. गेल्या आठवड्यात ताईनं मला तळघरात नेलं. तो कागद दाखवला. यंदाची तपासणी व्हायची होती. पण यंदाचा रकाना भरलेला होता. ताईच्याच अक्षरात.

‘नाकपुड्या बुजलेल्या. जुनं नुकसान.’

मी खोडरबर घासून घासून झिजवलं. एक अक्षर हललं नाही.

“ताई, बाईंना खरं सांग. काकांची माफी माग.”

तिनं उजवा कान माझ्याकडे केला होता. तिला सगळं ऐकू आलं होतं.

“आणि नोकरी? तुझा बाप देणार?”

काल सोमवार होता. तपासणीचा दिवस. दुपारी दोन चाळीसला तिचा फोन आला. शब्द एक नाही. नुसता श्वास... घरघरता, उघड्या तोंडानं ओढलेला.

मी घाबरून आईला हाक मारली. फोन तिच्या कानाला लावला.

आई म्हणाली, “त्यात काय? ती पहिल्यापासून तोंडानंच श्वास घेते.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं...

पण मला आठवेना.

खरंच आठवत नाहीये.