साहेबाच्या नावाचा करा

दोन हजार तेवीसची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. गाव हसनाबाद. वेळ भर दुपारची. हे खरं घडलेलं आहे. नंदाबाई माझी मावसबहीण. तिने सांगितलं तसंच लिहितो.

आखाजीला पितरांसाठी मातीचा करा पाण्याने भरतात आणि नाव घेऊन बोलावतात. त्या घरात पहिला करा गोजरबाईचा. ती नंदाबाईच्या नवऱ्याची, मच्छिंद्रची पणजी.

त्या वर्षी नंदाबाईची नात आकांक्षा पुण्याहून आली, ती डंकन साहेबाचा शोध लावून. परतूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रं बसवायला आलेला हा गोरा. गोजरबाईला त्याच्यापासूनच मूल झालेलं. स्कॉटलंडमधलं त्याचं गाव, तिकडची बायको-मुलं, कबर... सगळं तिने मोबाईलवर दाखवलं.

मच्छिंद्रचे घारे डोळे चमकले. "साहेबाचा बी करा भरू."

नंदाबाईने पुरणाचा हात झटकला. "पोटुशी बाई ह्याच वैशाखात बंगल्याबाहेर काढली त्यानं. दारात पाणी मागत बसली, तर आतून कडी लावली. त्याला पाणी पाजून राह्यले तुम्ही?"

"आजी, रक्त तर त्याचंच ना आपल्यात?"

"रक्त असंल. घरचा न्हाई तो."

मच्छिंद्र हसला. "माझं नाक बघ, बिलकुल साहेबाचं हाय."

"मंग घासून या ते. ताटं मांडायचीत."

त्याने ऐकलं नाही. दुसरा करा भरून गोजरबाईच्या कऱ्याशेजारी पाटावर ठेवला. उंबऱ्यात उभं राहून हाक मारली, "डंकनबाबा, पाणी प्यायला या."

वारा थांबला.

मग ओट्यावर बूट वाजले...

ओट्यावर कुणीच नव्हतं.

आकांक्षाने पाटाकडे बोट दाखवलं. गोजरबाईचा करा... कोरडा. तळाची मातीसुद्धा सुकलेली.

साहेबाचा काठोकाठ भरलेला.

नंदाबाईचं डोकं फिरलं. तिने तो करा उचलून अंगणात आपटला. "ती तहानेनं वरडत व्हती तवा कुठं व्हतास? निघ माझ्या दारातून."

करा फुटला... पण जमीन भिजली नाही.

मच्छिंद्र मटकन खाली बसला. "नंदे, पाणी दे."

तांब्या दिला. घागर दिली. ओठ कोरडेच.

त्याने पुन्हा पाणी मागितलं...

तो आवाज बाईचा होता.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. मच्छिंद्र सकाळपासून घराबाहेर पडलाच नव्हता.

नंदाबाई अजून धुमसते. "माझ्या माणसानं तिचं काय घोडं मारलं व्हतं? सांग, शिव्या कुणाला देऊ?"

आखाजीला त्या घरी जायचं मी टाळतो.

मच्छिंद्र त्याच आखाजीला, बावीस एप्रिल दोन हजार तेवीसला, दिवस मावळायच्या आत गेला.