रायच्या पावाचं विरजण

"कोणी ओतलं हे? सांगा ना, आई... कोणी?"

धुतलेली, लख्ख, रिकामी बरणी कात्याने सासूपुढे धरली आणि लेकाच्या परदेशातल्या, मरीन परेडच्या त्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात अरुणाताईंनी घाईने गॅस बंद केला! बरणीत काय होतं ते त्यांना पुरतं ठाऊक होतं... कात्याच्या आईने तीस वर्षं रोज पीठपाणी घालून जगवलेलं, तिच्या माहेराहून, हॅनोव्हरहून आलेलं, राय नावाच्या धान्याच्या पावाचं आंबट विरजण! नाताळातला मनुकांचा श्टोलन केक, आलं-दालचिनीची लेबकूखन बिस्किटं, सगळंच कात्या हौसेने करायची. पण हा काळसर पाव म्हणजे तिची आई होती. आणि उद्या त्या माउलीला जाऊन वर्ष होत होतं, तिच्या आठवणीत हाच पाव भाजायचा होता.

दाराशी सुबोध उभा होता, पांढराफटक. आपल्या लेकाकडे नुसतं बघूनच अरुणाताईंना सगळं उमगलं. काल सुट्टी म्हणून मोठ्या उत्साहाने फ्रीज साफ करायला घेतला होता याने! आंबूस वास आला, नासलं असं वाटलं, दिलं सिंकमध्ये ओतून... अरे गाढवा, एकदा विचारायचं तरी!

पण रागवायला वेळ कुठे होता? गेल्या वर्षी कात्याची आई अत्यवस्थ असताना ह्याच पठ्ठ्याने ऑफिसच्या कामापायी तिकीट दोन दिवस लांबवलं होतं, आणि कात्या पोचली तेव्हा त्या माउलीचे डोळे कायमचे मिटले होते. "माझ्या आईच्या बाबतीत पुन्हा चुकलास, तर मी जाईन ती परत येणार नाही," हे सुनेचे शब्द अरुणाताईंनी स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

"मी ओतलं," त्या म्हणाल्या. "वास आला गं... वाटलं, नासलं."

उभ्या जन्मात जिने विरजणाची वाटी कधी कोरडी पडू दिली नाही, ती बाई हे बोलली! सुबोधचे ओठ हलले. आईने डोळ्यांनीच दटावलं आणि तो मुकाट्याने खाली बघू लागला.

कात्या ओरडली नाही. पुण्यात तीन वर्षं नोकरी करून शिकलेल्या मराठीत ती हळूच म्हणाली, "तुम्हाला मी मनापासून आई म्हणत होते. तुम्ही पुण्याला जा. प्लीज."

अरुणाताईंनी खोलीत जाऊन बॅग काढली. दोन साड्या ठेवल्या, तिसरी घडी करता करता हात थांबला. बेडोकची मैत्रीण सुलेखा!

दिवाळीत त्यांनी त्या बरणीतलं चमचाभर सुलेखाकडे नेऊन ठेवलं होतं. विरजण कधी एकाच घरात ठेवू नये, आपलं बिघडलं तर शेजारणीकडून मागून आणता येतं, ही पुण्यातली जुनी खोड! पण "बरणीला कोणी हात लावायचा नाही," असं कात्याने बजावलं होतं. म्हणजे चोरीच ती. आता तीही कबूल करायची? आधीच काय कमी शोभा झाली होती! तरी त्या उठल्या आणि बस पकडून बेडोकला गेल्या.

"रोज ज्वारीचं पीठ घालते बाई," सुलेखा डबा देत म्हणाली, "मेलं माझ्या इडलीच्या पिठापेक्षा जोरात फुगतं!"

संध्याकाळी अरुणाताईंनी तो स्टीलचा डबा कात्यापुढे ठेवला. "दिवाळीत तुला न विचारता एक चमचा मैत्रिणीकडे नेला होता. जपून ठेवायला. याचाही दोष माझाच... पण उद्याचा पाव चुकवू नकोस, बाळा!"

कात्याने झाकण काढलं, वास घेतला आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. मग तिने मान वर केली.

"बिघडलं तर हाताशी असावं म्हणून जिने हे दुसऱ्या घरी जपलं... ती नुसत्या वासाने बरणी ओतेल?" ती सावकाश वळली. "सुबोध?"

सुबोध पुढे आला. "मी ओतलं, कात्या. आणि आईला खोटं बोलू दिलं..."

अरुणाताईंना वाटलं, आता गेली ही!

"ओतलंस ते चुकून," कात्या म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "दिवसभर गप्प बसलास, ते चुकून नाही."

"नाही," सुबोध म्हणाला.

"माफीचं मला माहीत नाही. हात धू. पीठ तू कालवायचंस, आणि उद्या माझ्या आईच्या फोटोपुढे तूच सांगायचंस, काय केलंस ते."

मग तिने डब्यातलं अर्धं विरजण बरणीत घातलं, उरलेल्यावर झाकण घट्ट लावलं आणि डबा अरुणाताईंच्या ओंजळीत ठेवला.

"हे तुमच्याकडे राहू दे. माझ्याकडे बिघडलं तर मी कोणाकडे मागायला येऊ? साड्या कपाटात ठेवा, आई... मी ठेवू?"

सकाळपासून अडवून धरलेलं रडू अरुणाताईंना आता मात्र आवरलं नाही.