अंगठा मोकळा ठेव

थांब, स्वानंदी, ती पट्टी एवढ्यात पाण्यात टाकू नकोस. एकदा भिजली की तुला घाई होईल, आणि मला तुझ्याशी बोलायचंय. बस त्या स्टुलावर. तुझे सीनियर जेवायला गेलेत, प्लास्टर रूममध्ये आपण दोघीच आहोत. दिल्लीत आल्यापासून कुणाशी पोटभर मराठी बोलायला मिळालं नाही म्हणून परवा तूच कुरकुरत होतीस ना? मग ऐक आता.

बाथरूममध्ये घसरले, उजव्या हातावर आदळले, आणि एक्स-रे निघायच्या आधीच मला कळलं काय मोडलंय ते. अंगठ्याच्या मुळाशी असतं ते बारकं हाड. मी याच हॉस्पिटलातली फिजिओथेरपिस्ट आहे बाई, छातीच्या वॉर्डात केस पिकलेत माझे. या हाडाला अंगठ्यासकट प्लास्टर लागतं, नाहीतर ते जुळत नाही आणि हात कायमचा कामातून जातो. मला सगळं ठाऊक आहे. तरीही सांगते, अंगठा मोकळा ठेव.

अशी बघू नकोस. डोकं ठिकाणावर आहे माझं. हा अंगठा बघ, मघापासून टेबलावर आपटतोय. दुखून माझा जीव चाललाय, तरी आपटतोय. मी नाही आपटत, तो आपटतोय. आज जरा घाईतच आहे स्वारी. हाड मोडल्यामुळे बिथरला असेल.

बाहेर बाकावर माझा धाकटा भाऊ बसलाय, शार्दूल. त्यानंच मला आणलं. त्याची बायको कृतिका ऑफिसला गेलेली, म्हणून तीन महिन्यांच्या पोरालाही घेऊन आलाय. म्हटलं, हॉस्पिटलात तान्हं बाळ कुणी आणतं का रे, गाढवा? तर म्हणे, ताई, तू आधी चल. रात्रभर पोरानं जागवलंय त्याला, आता बसल्या बसल्या डोळा लागला असणार. असणार काय, लागलाच आहे. मला इथे बसून कळतं ते. कसं, तेच तर सांगायचंय.

गेल्या हिवाळ्यात शार्दूल गुरुग्रामला राहत होता, एका सोसायटीत, खूप वरच्या मजल्यावर. कृतिका बाळंतपणाला भोपाळला माहेरी गेलेली. आधी एकदा त्याची नोकरी गेली होती, सकाळचा चहा पितापिता, एका ईमेलवर. त्याची त्यानं अशी धास्ती घेतली की विचारू नकोस. त्यात घरात बाळ येणार. मग पठ्ठ्यानं घरबसल्या तीन ऑनलाइन नोकऱ्या धरल्या, तिन्ही एकदम. प्रत्येक साहेबाला वाटायचं, हा फक्त आपला. एका मीटिंगला कान, दुसरीला तोंड, तिसरीकडे बोटं. नावापुढचा हिरवा ठिपका विझला की लगेच कुणीतरी विचारायचं, किधर हो यार? म्हणून झोपायचंच सोडलं त्यानं.

आणि त्याला जुन्या वस्तूंचा नाद. मानेसरला कुठलीशी फॅक्टरी बंद पडली, तिच्या भंगारातून एक म्हातारा कॉम्प्युटर उचलून आणला. पिवळा पडलेला, फुगीर काचेचा, बटणं दाबली की टकाटक वाजणारा. त्यात एकच गेम होता. व्हिडिओ कॉलवर दाखवला तेव्हा मी पोट धरून हसले होते. एक चिमुकला माणूस चिमुकल्या कॉम्प्युटरसमोर बसलेला, आणि चहूबाजूंनी खिडक्या उघडतात. प्रत्येक खिडकीत एक मिशाळ साहेब, "काम किधर है?" म्हणून ओरडणारा. तुम्ही ते लांब बटण बडवायचं, की माणूस "हां जी सर, हां जी सर" करत टाइप करतो. थांबलात की तो जांभई देतो, आणि वरून चप्पल पडते डोक्यात. "ताई, हा मीच आहे की नाही?" शार्दूल म्हणाला. म्हटलं, बिल्कुल, फक्त तो तुझ्यापेक्षा देखणा आहे.

मग नागपूरहून आईचा फोन आला. शार्दूल फोन उचलत नाही, एकदा जाऊन बघून ये, आणि डिंकाचे लाडू पाठवलेत तेही दे. मी सुट्टी टाकली, डबा घेतला, मेट्रोनं निघाले. दुपार होती, पण कसली दुपार! तो जानेवारी आठवतोय ना तुला? धुकं आणि धूर एकत्र कालवलेला, समोरचा माणूस नुसता आकार दिसायचा. सोसायटीच्या गेटपासून वर बघितलं तर चौथ्या मजल्यानंतर इमारतच नव्हती.

दार नुसतं ओढलेलं होतं. आत अंधार. खिडकीबाहेर राखेच्या रंगाचा उजेड, आणि कोपऱ्यात हवा साफ करायच्या मशीनची घरघर. वास येत होता... तापलेल्या धुळीचा, करपलेल्या वायरचा, आणि कपाच्या तळाशी उरलेल्या चहाचा. आणि आतल्या खोलीतून टक, टक, टक, टक.

शार्दूल त्या काचेसमोर बसला होता. आईनं विणलेला तपकिरी स्वेटर अंगात, ज्याची एक बाही आखूड झालीये तोच. बाजूला तिन्ही लॅपटॉप मिटलेले. डोळे असे लाल की मला धस्स झालं.

"अरे, काय अवतार केलायस? आईचा फोन का उचलत नाहीस?"

त्यानं मान वळवली नाही. अंगठा चालूच.

"ताई... आलीस. बरं झालं." आवाज अगदी खोल गेलेला. "जरा धर ना."

"काय धरू?"

"हे बटण. मी थोडा पडतो. फक्त थांबू देऊ नकोस... माझी शपथ."

मी चिडले. म्हटलं, गेम बंद कर आणि झोप, नाटकं पुरे. तर माझा हा भाऊ रडायला लागला गं. एवढा दाढीवाला बाप्या, हमसून हमसून रडला, आणि अंगठा मात्र टक टक करतोच आहे. लहानपणी पतंगाचा मांजा माझ्या हातात द्यायचा ना पाणी प्यायला जाताना, तसाच वाटला. म्हटलं, दे, ऊठ. त्याच्या बोटाखालून मी बटण घेतलं. तो मागच्या दिवाणावर कोसळला, आणि पाठ टेकताच घोरायला लागला.

पहिल्यांदा मजाच वाटली, खोटं कशाला बोलू? मी बडवतेय, तो चिमुकला "हां जी सर" करतोय, साहेबांच्या मिशा थरथरताहेत. मागे भाऊ घोरतोय. म्हटलं, झोपू दे लेकराला.

थोड्या वेळानं अंगठा भरून आला. मी हात झटकायला थांबले. चिमुकल्यानं जांभई दिली, चप्पल पडली त्याच्या डोक्यात, आणि मागे शार्दूल कण्हला.

कण्हला, आणि घोरणं थांबलं.

स्वानंदी, श्वास थांबला की खोलीत जी शांतता होते, ती आपल्याला ओळखू येते. मी वाट बघितली. येईल, आता येईल... आला नाही. न बघताच माझा हात बटणावर गेला. टक. मागून एक लांब श्वास. टक. आणखी एक. मी हात उचलला. काहीच नाही. टक. श्वास.

मी विज्ञानाची बाई, भुताखेतावर वॉर्डबॉय बोलले तरी त्यांना हाकलते. तरी सांगते, माझ्या पाठीवरून गार पाणी ओघळावं तसं झालं. काचेजवळ वाकून बघितलं. त्या चिमुकल्याच्या अंगात तपकिरी स्वेटर होता. एक बाही आखूड.

"शार्दूल! ए शार्दूल! ऊठ!" मी बडवत ओरडले. तो हलला नाही. खिडक्यांतले साहेब मात्र गप्प झाले होते. इतका वेळ चिमुकल्यावर ओरडत होते, आता सगळ्यांची तोंडं काचेतून माझ्याकडे वळलेली. खाली अक्षरं उमटली, "रुकना नहीं जी."

तेवढ्यात लाईट गेली. हवेच्या मशीनची घरघर बंद पडली, भिंतीवरचा लाल दिवा विझला. सोसायटीचा जनरेटर लागायला वेळ लागतो. त्या अंधारात ती फुगीर काच मात्र तशीच उजळलेली... आणि मला दिसलं, चिमुकल्याच्या शेजारी एक खुर्ची आली होती. छोटी, रिकामी. मला वाटलं, माझ्यासाठी मांडली. भ्यायले मी. खूप भ्यायले. पण उठले तर शार्दूल जातो, हे मला माझ्या नावाइतकं स्पष्ट कळत होतं.

मग मी पायानं टेबलाचा पाय धरला आणि अख्खं टेबल दिवाणाकडे ओढलं, इंचाइंचानं, उजव्या हाताचं टक टक न थांबवता. डावा हात त्याच्यापर्यंत पोचला. कान पिरगळला, केस ओढले. काही नाही. शेवटी त्याच्या उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली दातांनी उघडून सगळी तोंडावर रिकामी केली. हिवाळ्यातलं ते बर्फासारखं पाणी! दचकून उठला तो, ठसकत, शिव्या देत. त्या शिव्या ऐकून मला रडूच फुटलं.

काचेवर चिमुकला उठला. हात जोडून नमस्कार केला, आणि काठापलीकडे निघून गेला. "ड्यूटी बदल गई," एवढीच अक्षरं राहिली, आणि काच काळी झाली. ती छोटी खुर्ची सगळ्यांत शेवटी विझली.

मी एक क्षण थांबले नाही. गार्डला बोलावून तो कॉम्प्युटर भंगारात द्यायला लावला, शार्दूलला कॅबमध्ये कोंबलं आणि मलकागंजला आपल्या घरी घेऊन आले. दोन नोकऱ्या सोडायला लावल्या. नंतर कृतिका आली, पोर आलं, सगळं चलो ठीक है म्हणावं असं. पण आमच्याकडे आल्यावर पहिल्याच दुपारी शार्दूल आत झोपला, मी बाहेर मटार सोलत होते, आणि माझा अंगठा परातीवर वाजायला लागला. टक... टक... संथ, सावकाश. मी डाव्या हातानं तो घट्ट धरला. आतलं घोरणं थांबलं. सोडला, तसं सुरू झालं.

त्यानंतर मी तो कधीच धरला नाही. शार्दूल झोपला की तो चालतो, उठला की थांबतो. मला झोप लागली तरी उशाखाली चालतो. भालचंद्र, माझे यजमान, म्हणतात, तू झोपेतही पेशंटच्या पाठी थोपटतेस. त्यांना मी काही सांगितलेलं नाही. शार्दूललाही नाही. त्याला कळलं तर परत झोपायचाच नाही तो.

म्हणून म्हणते, अंगठ्याला प्लास्टर नको. हात वाकडा झाला तर होऊ दे, रिटायर होईन. भाऊ एकच आहे मला.

विश्वास नाही ना बसत? माझ्या आईचाही बसला नसता. मग असं कर, दार उघडून बाकावर बघ. झोपलेला दिसेल बघ, मान टाकून. जा ना.

...काय?

जागा आहे? नीट बघ गं. निळा शर्ट, दाढी... फोनवर बोलतोय? चालतोय?

कधीपासून? विचार त्याला. बसलाच नाही म्हणतो?

पण हा अंगठा तर चालतोय. हे बघ, तुझ्यासमोर चालतोय. शार्दूल जागा असताना आजवर एकदाही... मग हा कुणासाठी...

बाळ कुठे आहे, स्वानंदी? त्याच्या खांद्यावर? झोपलंय?

अगं आई गं. मी मघापासून म्हणतेय घाईत आहे, घाईत आहे. छातीच्या वॉर्डात आयुष्य काढलं मी, तरी लक्षात आलं नाही. एवढ्या भराभर मोठं माणूस श्वास घेत नाही गं. ती छोटी खुर्ची... मी वेडी समजत होते, माझ्यासाठी मांडली म्हणून.

ठेव ते भांडं. पट्टी, कापूस, सगळं बाजूला ठेव. दार उघडंच राहू दे, मला ते पोर दिसू दे.

काय म्हणालीस? शार्दूल जांभया देतोय?

नको, नको... त्याला बसू देऊ नकोस. जा त्याच्याजवळ, चहा पाज, काहीही विचार, बोलत राहा त्याच्याशी. दोघं एकदम झोपले तर मी काय करू? अंगठा एकच आहे गं माझा.