कुलपाआडची शीळ

क्षणभर डोळे मिटा आणि माझ्यासोबत चला. ऑगस्टची टळटळीत दुपार आहे. ग्रीसमधल्या एका डोंगरी गावात जेवणं आटोपून सगळी मोठी माणसं झोपली आहेत. खिडक्या बंद, कुत्री सावलीला, अंजिराचं पानसुद्धा हलत नाही. अशा वेळी मुलांनी बाहेर हिंडायचं नसतं. भरदुपारी कोण कोण फिरतं, ते सांगून आज्यांनी त्यांना पुरतं घाबरवून ठेवलेलं असतं. आणि तेवढ्यात, कुलूप लावलेल्या कॉफीच्या दुकानातून शीळ ऐकू येते. लांब, उंच, शेवटी किंचित तुटणारी.

ती शीळ घालणारा माणूस जानेवारीत वारला आहे.

बारा वर्षांची रिनिओ आणि तिचा धाकटा भाऊ स्टाथिस दुकानाच्या भिंतीला चिकटून उभे होते. सलग तिसरी दुपार होती ही.

"अनेस्तिसआजोबाच," स्टाथिस कुजबुजला. "मी घरी चाललो."

"जा की. वाटेत कबरस्तान लागतं."

तो तिथंच थांबला.

या गावात पूर्वी माणसं शिळेनं बोलत. नुसती हाक नव्हे, अख्खी वाक्यं दरीपलीकडे जात. प्रत्येकाच्या नावाची वेगळी शीळ होती. मुलांना आता तेवढ्या नावांच्या शिळाच ओळखता येत. पुरती भाषा समजणारी एकच उरली होती, मालामोआजी, आणि तीन वर्षांपूर्वी तिचे कान गेले होते. तिचा भाऊ अनेस्तिस समोरच्या उतारावर शेळ्या राखायचा आणि रोज दुपारी तिला शिळेनं दिवसाची हकीकत सांगायचा. ऐकू येत नाही हे तिनं त्याला कधी कळू दिलं नाही. गावालाही तिनं बजावून ठेवलं होतं. सावली पायरीवर आली की ती अंगणात उभी राहून एप्रन हलवायची, म्हणजे 'ऐकलं रे' म्हणून.

स्टाथिसनं रिनिओचा दंड घट्ट धरला. पलीकडच्या अंगणात मालामोआजी उठली होती. दुकानातली शीळ चालूच होती, आणि बहिरी आजी रिकाम्या उताराकडे बघत एप्रन हलवत होती.

रिनिओच्या मानेवर काटा आला. तरी तिनं डोकं चालवलं. आजी सावलीच्या वेळेला उठते, हे तिला माहीत होतं. मग शीळ कशाच्या वेळेला येते?

"स्टाथिस, आत्ता शिळेच्या आधी काय वाजलं?"

"दुकानातला फ्रीज. घुर्र केलं त्यानं. कालपण."

"म्हणजे वीज गेली होती आणि परत आली. भुताला विजेची काय गरज?"

दुकान त्यांच्या काकांचं, पांडेलिसचं होतं. किल्ली तुळशीच्या डब्याखाली असते, हे गावातल्या मांजरांनाही ठाऊक होतं. दोघं आत शिरली. टीव्ही काळाठिक्कर होता, पण त्याखालच्या डिस्क प्लेअरचा निळा दिवा जळत होता, त्याच्या तोंडाशी एक पेनड्राइव्ह खोचलेला होता आणि शीळ कोपऱ्यातल्या मोठ्या स्पीकरमधून येत होती. वीज आली की प्लेअर आपोआप सुरू होत होता, एवढंच.

रिनिओनं टीव्ही लावला. पडद्यावर अनेस्तिसआजोबा उभे होते, दोन बोटं तोंडात घालून, नजर थेट त्यांच्यावर रोखून. आणि त्यांच्या पायाशी अक्षरं उमटत होती, पण ती ग्रीक नव्हती. टोप्या घातलेली, शेपट्या फुटलेली, कुणालाच वाचता न येणारी.

"ही मेलेल्यांची लिपी आहे," स्टाथिस म्हणाला. या वेळी रिनिओलाही हसू आलं नाही.

हा पेनड्राइव्ह तिला आठवला. गेल्या शरदात अथेन्सहून आलेला एक विद्यार्थी आजोबांचं चित्रीकरण करून तो काकांकडे ठेवून गेला होता. मालामोला दाखवा, म्हणाला होता. काकांनी एकदा लावला, बिघडलाय म्हणून सांगितलं आणि विषय संपला. जत्रेसाठी त्यांनी तो तीन दिवसांपूर्वीच शोधून पुन्हा खोचून ठेवला असावा. आज सकाळीच ते म्हणाले होते की पाच वाजता उठून हा पुसायचा आणि जत्रेची गाणी भरायची. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते.

स्टाथिसनं पेनड्राइव्ह काढून पुन्हा खोचला. तीच अक्षरं. रिनिओ मात्र आता डोळ्यांसोबत कानही लावून बसली. आजोबांची प्रत्येक शीळ त्याच तीन सुरांनी सुरू होत होती. ती मालामोआजीची हाक होती. आणि दर वेळी त्या सुरांवर अक्षरांचा तोच झुबका उमटत होता.

"हा कचरा नाही," ती हळूच म्हणाली. "हा झुबका म्हणजे 'मालामो'. शब्द बरोबर आहेत, प्लेअर ते भलत्या लिपीत दाखवतोय."

रिमोट घेऊन ती सेटिंगमध्ये शिरली. तिथं लिप्यांची यादी होती आणि खूण 'पश्चिम युरोप'वर होती. तिनं ती 'ग्रीक'वर नेली. पडद्यावर काहीच बदललं नाही. स्टाथिस मटकन खुर्चीत बसला.

"चालू असलेल्याला कसं कळणार?" रिनिओ पुटपुटली. तिनं चित्र पूर्ण थांबवलं आणि पहिल्यापासून लावलं.

तीन सूर वाजले. खाली स्वच्छ ग्रीक अक्षरांत उमटलं: मालामो.

पुढच्या ओळी वाचून रिनिओनं झटकन चित्र गोठवलं. "आजीला आण. पळ."

आजी आली तेव्हा काकाही डोळे चोळत दारात हजर झाले होते. "कुलूप कुणी काढलं? आण तो पेनड्राइव्ह इकडे."

रिनिओनं खिशातून शाळेचा, स्वतःचा पेनड्राइव्ह काढून त्यांच्या हातावर ठेवला. "गाणी यात भरा, काका. तो नाही मिळायचा." आणि तिनं चित्र पहिल्यापासून लावलं.

आजी ओठ हलवत, एकेक शब्द वाचू लागली.

*मालामो. काळ्या शेळीला दोन पिल्लं झाली. मालामो. तू एप्रन हलवतेस, पण मी शीळ घालायच्या आधीच. तुला ऐकू येत नाही, हे मला कधीच कळलंय. तुझा खेळ मोडायचा नव्हता. म्हणून या पोराकडून लिहून घेतोय. रोज हलवत जा. मला बरं वाटतं.*

काकांनी आजीच्या मागे खुर्ची सरकवली. "मी याला दोन मिनिटं दिली नाहीत," ते खालच्या आवाजात म्हणाले, "आणि पोरांनो, तुम्ही तीन दुपारी दिल्यात." त्यांनी किल्ली खिशात न टाकता रिनिओच्या हातात दिली.

आजी अंगणात गेली. उताराकडे तोंड करून तिनं दोन बोटं ओठांत घातली. दात नव्हते. नुसती हवा आली. तिनं पुन्हा फुंकलं. पुन्हा हवाच. मग तिनं मागे वळून पाहिलं.

रिनिओ तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. अनेस्तिसआजोबांच्या नावाची शीळ तिला येत होती. तिनं बोटं ओली केली, खोल श्वास घेतला आणि रिकाम्या उताराला हाक घातली.